उदमांजर आणि मनुष्यवस्ती : नाशिकच्या घरांतील एका निशाचर शेजाऱ्याचा विचार

नाशिकच्या जुन्या गावठाणात, गोदावरीच्या दोन्ही काठांवर, वाड्यांच्या व कौलारू घरांच्या ज्या रांगा अद्याप उभ्या आहेत, त्यांतील रहिवाशांना मध्यरात्री छपरावर पावले वाजल्याचा अनुभव नवा नाही. उंदरांची खुडबुड म्हणावी तर आवाज जड, मांजर म्हणावे तर चाल निराळी, आणि चोर म्हणावा तर प्रातःकाळी एकही वस्तू गेलेली नसते. कौलावर मात्र बियांनी भरलेली विष्ठा पडलेली आढळते. या पावलांचे स्पष्टीकरण कोणी भुताखेतांत शोधतो, कोणी सर्पात शोधतो, आणि ज्याचा धीर सुटतो तो विषाची पुडी आणतो. वस्तुतः ही पावले बहुधा उदमांजराची असतात.

घराच्या आश्रयाने राहणाऱ्या रानटी सस्तन प्राण्यांचा प्रश्न केवळ या देशातील नाही. ऑस्ट्रेलियात हेच स्थान पोसम या शिशुधान प्राण्याने घेतले आहे. तोही निशाचर, वृक्षवासी, फळापानांवर जगणारा आणि छपराच्या पोकळीत दिवस काढणारा असा आहे. महाराष्ट्रात पोसम नाही. तथापि त्याचे निसर्गातील कार्य व माणसाशी येणारे त्याचे संबंध लक्षात घेतले, तर उदमांजर हाच त्याचा येथील प्रतिनिधी ठरतो. या दोहोंत आप्तसंबंध मुळीच नसताना वर्तनात इतके साम्य असावे, यावरून असे दिसून येते की, प्रश्नाचे मूळ प्राण्याच्या स्वभावाइतकेच घराच्या रचनेतही आहे. उदमांजराची ओळख, त्याचे घराकडे येणे, त्याच्यापासूनचे खरे व कल्पित भय, आणि त्याच्यासह निर्धास्तपणे राहण्याचे उपाय, या क्रमाने प्रस्तुत विषयाचा विचार करणे सोयीचे होईल.

नाव आणि ओळख

शास्त्रीय परिभाषेत या प्राण्यास पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडिटस म्हणतात. पल्लास या प्राणिशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये त्याचे वर्णन केले. नामातील दुसरे पद एका गैरसमजाचे स्मारक होय. नर व मादी या दोहोंच्याही शेपटीखाली वृषणासारख्या दिसणाऱ्या गंधग्रंथी असतात. त्यामुळे हा प्राणी उभयलिंगी आहे असा भास झाला आणि तो नामात कायमचा राहिला. मांजर हे त्याचे लौकिक नावही तितकेच फसवे आहे. मार्जारकुलाशी त्याचे नाते दूरचे असून तो व्हायव्हेरिडी या स्वतंत्र कुलात मोडतो.

मराठीत उदमांजर, ताडमांजर, कांडेचोर अशी त्याची नावे प्रचलित आहेत. यांपैकी पहिल्या नावाने बराच घोटाळा केला आहे. हिंदीत ऊदबिलाव म्हणजे मराठीतील पाणमांजर. म्हणजे जवळजवळ एकच शब्द दोन भाषांत दोन अगदी भिन्न प्राण्यांना लागतो. ताडमांजर हे नाव मात्र अन्वर्थक आहे. ताडी गोळा करण्यासाठी झाडाला बांधलेल्या मडक्यातील गोड रस हा प्राणी आवडीने पितो. इंग्रजीतील टॉडी कॅट या नावाचा उगमही हाच.

पूर्ण वाढ झालेल्या उदमांजराचे वजन साधारणतः २ ते ५ किलोग्रॅम असते. अंगाची लांबी सुमारे अर्धा मीटर व शेपटीही जवळजवळ तेवढीच. अंगावरील केस राठ व करडे असून पाठीवर काळसर पट्ट्यांच्या किंवा तुटक ठिपक्यांच्या तीन ओळी दिसतात. पाय, कान, मुस्कट व शेपटीचा टोकाकडील भाग काळा असतो आणि डोळ्यांभोवती मुखवट्यासारखी काळी छटा असते. शेपटीवर कडी नसतात, ही खूण महत्त्वाची आहे. कारण याच कुलातील जवादी मांजराच्या शेपटीवर काळीपांढरी कडी स्पष्ट असतात. जवादी मांजर मुख्यतः जमिनीवर वावरते. छपरावर चढणारे ते बहुधा उदमांजरच. मुंगूस दिवसा हिंडत असल्यामुळे त्याच्याशी गल्लत होण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष दर्शन न घडताही ओळख पटविता येते. संशयित भोकाजवळ सायंकाळी रांगोळीचा किंवा पिठाचा पातळ थर पसरून ठेवावा. मांजराच्या पावलाचा ठसा चार बोटांचा उमटतो, उदमांजराचा पाच बोटांचा. उंदराच्या लेंड्या लहान व सुट्या असतात. उदमांजराची विष्ठा लांबट असून तिच्यात फळांच्या अखंड बिया दिसतात, आणि ती छपराचा कणा, भिंतीचा माथा अशा उघड्या व उंच जागी वारंवार पडलेली आढळते. ही स्वच्छतेची उणीव नसून गंधाच्या द्वारे स्वतःचे अस्तित्व जाहीर करण्याची त्याची रीत आहे.

घराकडे येण्याची कारणे

उदमांजराच्या गरजा तीन : दिवसा दडण्यास अंधारी, कोरडी व उंच पोकळी, रात्री खाण्यास पिकलेली फळे, आणि या दोहोंना जोडणारा, जमिनीवर न उतरता जाता येईल असा मार्ग. रानात पहिली गरज जुन्या वृक्षांच्या ढोल्या भागवितात. वड, पिंपळ, उंबर ही झाडे वर्षाच्या निरनिराळ्या काळी फळत असल्याने अन्नाचाही तुटवडा पडत नाही. या प्राण्याच्या आहारात वटवर्गीय फळांना मोठे स्थान आहे, हे आशियातील अनेक ठिकाणच्या निरीक्षणांवरून सिद्ध झाले आहे. फळांखेरीज उंदीर, कीटक, गोगलगायी, पक्ष्यांची अंडी हेही त्यास चालते.

आता नाशिक नगराकडे पाहावे. ज्या पंचवटीस पाच वटवृक्षांवरून नाव पडले असे मानतात, तेथे व नदीकाठी वड, पिंपळ आणि उंबर हे वृक्ष धार्मिक भावनेमुळे टिकून राहिले. परसांत पेरू, आंबा, जांभूळ, चिकू, पपई, सीताफळ यांची झाडे आहेत. जुन्या वाड्यांची घडण तर जणू या प्राण्यासाठीच झाली असावी, अशी आहे. जाड भिंती, लाकडी तुळया, वाशांवर पसरलेली कौले, कौलांखालचा पोटमाळा आणि एका वाड्याच्या छपरावरून शेजारच्या वाड्याच्या छपरावर जाता येईल इतकी दाट वस्ती. ढोलीचे सर्व गुण पोटमाळ्यात असतात. शिवाय तेथे उंदीरही मिळतात.

यात अलीकडे एक नवीन कारण मिळाले आहे. मालकी हक्काच्या तंट्यांमुळे अथवा भाडेकरूंच्या प्रश्नामुळे अनेक वाडे ओस पडले. दर पावसाळ्यात त्यांतील काहींच्या भिंती ढासळतात. महानगरपालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते. आणि वाडा पाडला की त्या जागी सिमेंटची इमारत उठते. ओस वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या उदमांजरास तेव्हा आसरा शोधावा लागतो व तो शेजारच्या नांदत्या घरात सापडतो. गृहस्थास वाटते की, रानातील प्राणी नगरात शिरला. प्रत्यक्षात बहुधा नगरातीलच जुना रहिवासी बेघर होऊन घर बदलीत असतो. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे; कारण 'रानात सोडून या' ही जी मागणी सर्रास केली जाते, तिचा पायाच यामुळे डळमळतो.

भय : कल्पित आणि खरे

उदमांजराविषयी सर्वांत रूढ समज असा की, ते पुरलेली प्रेते उकरून खाते. उत्तर भारतात कबरबिज्जू हे नाव रॅटेल व उदमांजर या दोन्ही प्राण्यांना सरसकट लावले जाते. रॅटेलचे पंजे खणण्यासाठी घडलेले, लांब व बळकट नखांचे असतात. उदमांजराची नखे वक्र व चढण्यास उपयुक्त अशी असून त्याचे दात व आहार मुख्यत्वे फलभक्षकाचे आहेत. एकाची कीर्ती दुसऱ्यास चिकटली, असेच यावरून म्हणावे लागते. तान्ह्या मुलांना पळवून नेते, ही समजूतही अशीच भयापोटी जन्मलेली आहे. माणसास भक्ष्य समजणारा हा प्राणी नव्हे. त्याची चाहूल लागताच पळणे हाच त्याचा स्वभाव होय.

दुसरा समज भुताचा. नेपाळमधील चितवन येथील अभ्यासात, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उदमांजरे सायंकाळपासून पहाटे चारच्या सुमारापर्यंत वावरत व लख्ख चांदण्याच्या रात्री त्यांची हालचाल कमी होई. उजेडात शत्रूच्या दृष्टीस पडण्याचा धोका अधिक, हे त्याचे कारण. अमावास्येच्या आसपास छपरावर पावले अधिक वाजतात व पौर्णिमेस थांबतात, असा एखाद्या घरचा अनुभव असेल, तर त्याचा उलगडा होण्यास परलोकात जाण्याची गरज नाही.

तिसरा समज सर्पाचा आहे. घराच्या एखाद्या कोपऱ्यात शिजत्या सुवासिक भातासारखा वास आला की, तेथे साप आहे असे अनेक ठिकाणी म्हणतात. सापांना असा गंध असल्याचा आधार नाही. उदमांजराच्या गंधस्रावास मात्र पुष्कळदा असाच वास येतो. त्याच कुलातील बिंटुरॉंग या प्राण्याच्या मूत्रात २-ॲसिटिल-१-पायरोलीन हे संयुग असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आणि आंबेमोहोर, बासमती किंवा इगतपुरीकडची इंद्रायणी अशा सुवासिक तांदळांचा घमघमाट याच संयुगामुळे येतो. माळ्यावर भाताचा वास आला, तर सर्पमित्रास बोलावण्यापूर्वी उदमांजराची शक्यता पडताळून पाहावी, हे इष्ट.

कल्पित भये दूर केली म्हणजे खरी भये नीट दिसू लागतात. त्यांत पहिले आलर्क रोगाचे. हा रोग कोणत्याही सस्तन प्राण्यास होऊ शकतो, आणि लक्षणे प्रकट झाल्यावर तो जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक ठरतो. उदमांजर आपण होऊन चावा घेत नाही. कोंडले, हाती धरले किंवा पिल्लांपासून तोडले तरच ते दात व नखे चालविते. असा प्रसंग ओढवल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली सलग १५ मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रानटी प्राण्याचा चावा गंभीर वर्गात धरला जातो. म्हणून लसीच्या जोडीला जखमेत द्यावयाच्या प्रतिपिंडांची आवश्यकता आहे काय, हे वैद्याकडून ठरवून घ्यावे. दिवसाउजेडी लडखडत फिरणारे, माणसास न भिणारे अथवा अर्धांग झालेले उदमांजर दिसल्यास त्याच्या जवळ जाऊ नये.

दुसरे भय विष्ठामूत्रातून पसरणाऱ्या रोगजंतूंचे. माळ्यावर दीर्घकाळ साचलेली घाण कोरडी झाडू नये. तिची धूळ श्वासावाटे जाते. हातमोजे व नाकातोंडावर मुखपट्टी घालून, घाण प्रथम जंतुनाशक द्रावणाने भिजवून मग उचलावी. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या झाकलेल्या असाव्यात, ही खबरदारी तर उंदीर, पारवे व वानरे यांच्यामुळेही आवश्यकच आहे. कुत्र्यामांजरांचे काही विषाणुरोग उदमांजरास व त्याच्याकडून परत त्यांना होऊ शकतात. म्हणून पाळीव जनावरांचे लसीकरण वेळच्या वेळी करावे.

येथे २००३ मधील सार्स रोगाची आठवण काही वाचकांस होईल. त्या साथीत चीनमधील ग्वांगडोंग प्रांताच्या बाजारांत पिंजऱ्यांत विकावयास ठेवलेल्या उदमांजरांत तो विषाणू आढळला होता. परंतु ती जाती निराळी, पागुमा लार्व्हाटा ही. विषाणूचे मूळ आश्रयस्थान वटवाघळे असल्याचे पुढे दिसून आले. आणि रोग माणसात आला तो दाटीने कोंडलेल्या, एकमेकांच्या सान्निध्यात ठेवलेल्या प्राण्यांच्या बाजारामुळे. छपरावरून जाणाऱ्या प्राण्यापेक्षा पकडून हाताळलेला प्राणी अधिक धोक्याचा, हाच त्या घटनेचा धडा होय.

तिसरे भय आर्थिक. खुराड्यातील कोंबड्या, झाडावरची फळे, छताचे तक्ते यांची हानी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याच्या दुसऱ्या बाजूस उंदरांचा संहार व बियांचा प्रसार ही जमाही मांडली पाहिजे. उदमांजर फळ गिळते व बी सुस्थितीत बाहेर टाकते. जावा-सुमात्राकडे त्याच्या विष्ठेतील कॉफीच्या बिया वेचून महागडे पेय करतात, ते याच गुणावर. त्या व्यापारापायी असंख्य उदमांजरे पिंजऱ्यांत कोंडली जातात, ही त्या पेयाची काळी बाजू आहे.

हुसकण्याचे उपाय का फसतात

सामान्यतः योजले जाणारे उपाय चार आहेत : विष, धूर, डांबराच्या गोळ्या आणि पिंजरा.

विषाचा प्रयोग कायद्याने गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये उदमांजर संरक्षित असून, 'शिकार' या संज्ञेत ठार मारणे, विष घालणे, पकडणे, फासे लावणे व तसा प्रयत्न करणे या सर्वांचा समावेश होतो. व्यवहारदृष्ट्याही विष निरर्थक ठरते. विषारी प्राणी माळ्याच्या दुर्गम कोपऱ्यात मरतो व त्याची दुर्गंधी कित्येक दिवस घरभर पसरते. उंदरांसाठी ठेवलेले विष देखील विषबाधित उंदीर खाणाऱ्या उदमांजराच्या व घुबडाच्या पोटात जाते. म्हणजे मूषकशत्रूच नष्ट होतो, आणि उंदीर तेवढे पुन्हा वाढतात.

लाकडी वाड्यात धूर करणे म्हणजे आगीस निमंत्रण. धुराने मादी पळते, पण पिल्ले जागीच राहतात. डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसासही विषारी असून ती प्राण्याआधी घरातील बालकांना बाधते.

पिंजरा व दूर नेऊन सोडणे हा उपाय दयाळूपणाचा वाटतो. म्हणून त्याचा विचार अधिक काळजीपूर्वक केला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील नगरांतून पकडून अरण्यात सोडलेल्या पोसमांचा माग काढला असता, त्यांतील बहुतेक अल्पावधीत मृत्यू पावल्याचे दिसले. आसरा ठाऊक नाही, अन्न ठाऊक नाही, आणि चांगल्या जागा आधीच दुसऱ्यांनी व्यापलेल्या. इकडे रिकाम्या झालेल्या माळ्यात नवा पोसम येऊन राहतो. म्हणूनच तेथील राज्यांचे नियम पकडलेला प्राणी त्याच परिसरात, पकडल्या जागेजवळच सोडण्यास सांगतात. उलट न्यूझीलंडमध्ये लोकरीच्या व्यापारासाठी १८३७ पासून नेलेला तोच प्राणी आज तेथील वनांचा शत्रू ठरला आहे. उपद्रवी हा शब्द प्राण्याच्या जातीचा गुण सांगत नाही, प्राणी व स्थान यांतील संबंध सांगतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील अनुभवही याच दिशेचा आहे. जुन्नर परिसरात बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम चालली, तेव्हा २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ल्यांचे वार्षिक सरासरी प्रमाण ४ वरून १७ वर गेल्याचे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. निफाड-सिन्नरच्या उसाच्या मळ्यांत बिबट्याशी रोज गाठ पडणाऱ्या नाशिक जिल्ह्यास हा दाखला दूरचा वाटू नये. उदमांजर बिबट्यासारखे घातक नाही. पण स्थानांतराने प्रश्न जागा बदलतो, सुटत नाही, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

योग्य उपाय

उपायाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : प्राण्याशी लढू नये, पोकळी बंद करावी, आणि ती बंद करताना आत कोणी उरणार नाही, याची खात्री करावी.

यातील दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. उदमांजराचा गर्भकाल सुमारे दोन महिन्यांचा असून एका वेतात २ ते ५ पिल्ले होतात. प्रजनन वर्षभर चालते, तरी ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पिल्ले अधिक आढळतात. नेमक्या याच काळात, म्हणजे पावसाळा संपून दिवाळीची साफसफाई निघाली की, छपरांची डागडुजी हाती घेतली जाते. मादी रात्री बाहेर असताना भोक बुजविले, तर पिल्ले आत उपासमारीने मरतात व मादी त्यांच्यासाठी कौले, तक्ते, जाळी जे सापडेल ते उचकटू लागते. उपद्रव म्हणून जो प्रकार सांगितला जातो, त्यात अशा रीतीने माणसानेच ओढवून घेतलेला भाग असू शकतो.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. प्रथम दिवसा छपराची आतून-बाहेरून पाहणी करून सर्व फटी हेराव्यात. मधूनच पडलेली कौले, वाशांची टोके व भिंत यांमधील जागा, मोडके झरोके, पन्हळीलगतची भोके ही नेहमीची प्रवेशद्वारे होत. बारीक किंकाळ्यांसारखे आवाज येत असतील, तर पिल्ले आहेत असे समजून काम काही आठवडे पुढे ढकलावे. पिल्ले हिंडती झाली की मादी त्यांना बाहेर काढते. पिल्ले नाहीत अशी खात्री झाल्यावर, मुख्य भोक सोडून बाकी सर्व फटी बळकट तारेच्या जाळीने किंवा पत्र्याने बंद कराव्यात. त्यानंतर मुख्य भोकाशी रांगोळी पसरून, अंधार पडल्यावर बाहेर पडणारी पावले पाहावीत आणि त्याच रात्री, प्राणी परतण्यापूर्वी, तेही बंद करावे. बाहेरच्या बाजूसच उघडणारी झडप काही रात्री लावून ठेवणे ही याहून निर्धोक रीत आहे. रात्री छपरावर चढणे टाळता येते, आणि आत राहिलेला प्राणी आपण होऊन निघून जातो. पुढील दोन-तीन रात्री कान देऊन ऐकावे; आत हालचाल जाणवली, तर भोक तत्काळ उघडावे.

दुसरा उपाय मार्ग तोडण्याचा. छपरावर टेकलेल्या फांद्या दोन मीटर तरी मागे हटविल्या, आणि एकाकी झाडाच्या बुंध्यास गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळला, तर चढण्याची सोय उरत नाही. पट्टा ढिला ठेवून खोडाच्या वाढीबरोबर सैल करीत जावा. नगरहद्दीतील झाडाच्या छाटणीस महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायदा, १९७५ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची अनुमती लागते, हे विसरू नये.

तिसरा उपाय आमिष हटविण्याचा. कुत्र्यामांजरांचे उरलेले अन्न रात्री अंगणात ठेवू नये. ओला कचरा झाकणाच्या भांड्यात असावा. झाडाखाली पडलेली फळे सायंकाळीच उचलावीत. कोंबड्यांचे खुराडे बारीक जाळीचे, वरून बंद व कडी लागणारे हवे. पिकत आलेले पपई-पेरूचे मोजके घड कापडी पिशवीत बांधावेत. झाडावरची सर्वच फळे राखण्याचा हट्ट न धरणे हाही एक उपायच आहे; उंच शेंड्याची फळे पूर्वीपासून पाखरांच्या वाट्याची समजली जात आली आहेत.

चौथी गोष्ट, उपाय म्हणण्यापेक्षा संयम म्हणावी अशी. छपरावरून पडलेले पिल्लू सापडल्यास ते घरात घेऊ नये, गाईचे दूध पाजू नये, पाळण्याचा मोह धरू नये. मोजे घालून त्यास उघड्या खोक्यात ठेवावे, खोके कुत्र्यामांजरांच्या आवाक्याबाहेर व सापडल्या जागेजवळच उंचावर ठेवावे, आणि एक रात्र मादीची वाट पाहावी. पिल्लू जखमी असेल अथवा मादी आली नाही, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. प्राणी खोलीत शिरला असेल, तर दिवे मालवून, बाहेरचे एक दार वा खिडकी उघडी ठेवून सर्वांनी खोलीबाहेर जावे. त्यास कोपऱ्यात गाठण्याचा पराक्रम चाव्याचे कारण होतो.

समारोप

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. उदमांजर व गृहस्थ यांतील तंटा प्रायः एका फुटक्या कौलाचा असतो. कौल बसविले की तंटा मिटतो, आणि प्राणी पिंपळावरून उंबरावर आपल्या वाटेने जात राहतो. परंतु सर्वच माळे बंद झाले, ओस वाडे पडले आणि ढोल्या असलेले जुने वृक्ष 'धोकादायक' म्हणून तोडले गेले, तर या प्राण्यास जाण्यासाठी वाटच उरणार नाही. म्हणून घराची पोकळी बुजविण्याचा अधिकार जो गृहस्थ बजावतो, त्याच्यावर झाडाची पोकळी राखण्याचे कर्तव्यही येते. नदीकाठचे, देवळांच्या आवारांतील आणि शिक्षणसंस्थांच्या प्रांगणांतील जुने वड-उंबर, त्यांच्या ढोल्यांसह, राखले गेले पाहिजेत.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथे एक अभ्यासक्षेत्र दाराशीच उपलब्ध आहे. छपरांवरील विष्ठेतील बियांची महिनावार नोंद, कोणत्या वाड्यांत वास्तव्य आहे व वाडा पाडल्यावर ते कोठे जाते याचा आराखडा, आणि चंद्रकलेनुसार हालचालींची नोंद, एवढ्या कामास महाग उपकरणे लागत नाहीत; वही, रांगोळी आणि रात्री जागण्याची तयारी पुरते. जे जुने वाडे अद्याप उभे आहेत, त्यांतच हा अभ्यास होऊ शकेल. आणि असे वाडे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.